सातवी रास

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



स्नेहसंमेलनाच्या व्याख्यानास दरवर्षी शिक्षण, शिष्यवृत्ती, उद्योगधंदा किंवा संतचरित्र यांपैकी एखादा विषय योजण्याचा आपला परिपाठ आहे. यंदा मात्र कार्यवाहांनी आम्हांस एका चित्राविषयी बोलण्याची आज्ञा केली. चित्रकलेत आमचा अधिकार अल्प आहे. परंतु आज्ञा मोडवेना, आणि खरे सांगावयाचे तर ते चित्र आमच्या मनातूनही जाईना. गेले दोन दिवस या सभागृहाच्या ओसरीवर मांडलेल्या प्रदर्शनात सर्वांत अधिक गर्दी आणि सर्वांत अधिक कुरबूर याच एका चित्रापुढे झाली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ते चित्र मंडळास भेट म्हणून स्वीकारून आपल्या मंगल कार्यालयात लावावे की सन्मानपूर्वक परत करावे, हा प्रश्न उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. हात वर करण्यापूर्वी चित्र नीट पाहिले जावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू.

चित्र आपल्याच ज्ञातीतील एका कन्येने काढले आहे. आपले नाव व्यासपीठावरून घेऊ नये अशी तिची इच्छा असल्याने आम्ही ते घेत नाही. ज्यांना प्रदर्शन पाहण्यास सवड झाली नाही, त्यांच्यासाठी चित्राचे वर्णन करतो.

नवपरिणीत होऊ घातलेली दोन माणसे समोरासमोर उभी आहेत. मांडव आहे, पण त्यास खांब नाहीत. पायाखाली जमीन नसून घोट्याइतके पाणी आहे. दोघांच्या मध्ये अंतरपाट आहे. परंतु तो धरावयास कोणी नाही, आकाशातून सोडल्यासारखा तो लोंबतो आहे. वधूच्या बाजूचे आकाश सायंकाळचे, वराच्या बाजूचे भर दुपारचे. वधूच्या अंगावर शालू आहे, हातांत हिरवा चुडा आहे, आणि शालूचा पदर खांद्यावरून खाली येता येता इमारतीच्या निळ्या नकाशाचा कागद होऊन पाण्यावर पसरला आहे. वराच्या कपाळी मुंडावळ्या आणि अंगात उत्तम शिवलेला सूट. पण छातीच्या ठिकाणी कपाटाचे दार उघडे असून आत भांडी रचलेली आहेत, आणि प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा बंद आहे. दोघांच्या पुढे पाण्यावर तांदळाच्या राशी तरंगत आहेत. त्या राशी सहा आहेत.

या चित्रासंबंधी आमच्या कानी आलेले आक्षेप तीन. पहिला असा की, हे समजत नाही. दुसरा असा की, हे परदेशी खूळ आहे. तिसरा आणि अधिक गंभीर असा की, यात आपल्या मंगलकार्याची थट्टा आहे. एका वृद्ध मातोश्रींनी चौथाही आक्षेप घेतला: "राशी सहाच? पोरगी मोजायला चुकली." या चौथ्या आक्षेपाकडे आम्ही शेवटी येऊ, कारण आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे.

प्रथम, समजत नाही याविषयी. या पद्धतीच्या चित्रांस मराठीत अतिवास्तववादी चित्रे म्हणतात. आंद्रे ब्रेताँ या फ्रेंच कवीने १९२४ साली पॅरिस येथे या पंथाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. ब्रेताँ मुळात वैद्यकाचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात मनोरुग्ण सैनिकांच्या शुश्रूषेचे काम त्याने केले होते, आणि स्वप्नांच्या अर्थासंबंधीचे फ्रॉइडचे विचार त्याने आत्मसात केले होते. जागेपणी आपण जे बोलत नाही ते मन झोपेत चित्रांनी बोलते, आणि त्या बोलण्यासही सत्याचा मान दिला पाहिजे, हे या पंथाचे मूळ सूत्र. स्वप्नात आपण स्वतःच्याच घरात हिंडत असतो आणि तरीही ते घर आपले नसते. गेलेली माणसे जेवावयास बसलेली दिसतात आणि त्याचे आश्चर्य वाटत नाही. मग चित्रात मांडवाला खांब नसले, तर गांगरून जाण्याचे कारण काय? लग्नाच्या आदल्या रात्री ज्या मुलीला झोप लागली नाही, तिला पायाखालची जमीन पाण्यासारखी वाटली नसेल काय? या सभेत बसलेल्या भगिनींनी या प्रश्नाचे उत्तर मनातल्या मनात द्यावे.

या पंथातील बेल्जियन चित्रकार रने माग्रित याने १९२८ साली 'प्रेमिक' या नावाची चित्रे काढली. त्यांतील एकात स्त्री आणि पुरुष एकमेकांचे चुंबन घेत आहेत. परंतु दोघांची मस्तके पांढऱ्या वस्त्राने पूर्ण झाकलेली आहेत. माग्रित तेरा वर्षांचा असताना, १९१२ साली, त्याच्या आईने नदीत जीव दिला होता. या वस्त्राचा संबंध पुष्कळ लोक त्या घटनेशी जोडतात. माग्रितला स्वतःला असली स्पष्टीकरणे रुचत नसत. ते कसेही असो, त्या चित्रापुढे मराठी माणूस उभा राहिला तर त्यास अंतरपाटाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. माणसे अगदी जवळ आहेत, आणि तरीही मध्ये कापड आहे. आपल्या रीतीत ते कापड मंगलाष्टके संपताच दूर होते. माग्रितच्या चित्रातले कधीच दूर होत नाही. आपल्या कन्येच्या चित्रातले दूर होईल किंवा नाही हे अद्याप ठरावयाचे आहे, आणि ते ठरविणारा भटजी चित्रात नाही, मामाही नाही. म्हणून ते धरावयास कोणी दाखविलेले नाही, असा आम्ही अर्थ लावतो.

आता परदेशी खुळाविषयी. पंथाचे नाव परदेशी आहे हे मान्य. परंतु लग्नाचे चित्र डोळ्यांना दिसते तसे न काढता मनाला दिसते तसे काढणे ही गोष्ट आपल्या प्रांतात नवी आहे काय? पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत आपले वारली बांधव राहतात. त्यांच्या घरी लग्न निघाले म्हणजे सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी असते, आणि तो चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. त्या चौकातील माणसे दोन त्रिकोणांची असतात, शेजारच्या लहान चौकात पाच मस्तकांचा देवही असतो. परंतु हे समजत नाही म्हणून वऱ्हाडाने तक्रार केल्याचे आम्ही ऐकलेले नाही. पुढे १९७० नंतरच्या काळात जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली. चित्र हे लग्नातील शोभा नसून लग्नाचा एक विधीच आहे, ही समजूत ज्या भूमीत आजही जिवंत आहे, त्या भूमीतील मंगल कार्यालयात चित्राला जागा मागणे हे परक्याचे अनुकरण खास नव्हे.

दुसरे उदाहरण अमृता शेरगिल यांचे. त्यांचा जन्म १९१३ साली बुडापेस्ट येथे झाला; वडील शीख, आई हंगेरियन, चित्रकलेचे शिक्षण पॅरिसचे. त्या १९३४ च्या अखेरीस हिंदुस्थानात परतल्या, पुढे अजिंठ्याची लेणी पाहून भारावल्या, आणि दक्षिणेच्या प्रवासानंतर १९३७ साली त्यांनी 'वधूचा शृंगार' हे चित्र रंगविले. ते अतिवास्तववादी नाही. पण त्यातली वधू पाहण्यासारखी आहे. भोवती बायका आहेत, केसांची निगा चालली आहे, तळवे रंगलेले आहेत, आणि मुलीच्या मुद्रेवर हसू नाही. ती दुःखी आहे असेही म्हणवत नाही. ती वाट पाहते आहे. पॅरिसमध्ये शिकलेल्या हाताने, अजिंठ्याचे रंग मनात ठेवून, आपल्या देशातील एका मुलीचा तो क्षण टिपला. त्यात परके किती आणि आपले किती हे तराजूत घालून सांगण्यास आम्ही असमर्थ आहो.

आणि जी माणसे दोन जगांच्या मध्ये उभी असतात, त्यांचे दुःख केवळ आपल्याच देशातले आहे असेही नाही. मेक्सिको देशातील फ्रीडा कालो हिने १९३९ साली, नवऱ्यापासून घटस्फोट झाला त्याच वर्षी, स्वतःच्या दोन प्रतिमा एका चित्रात शेजारी शेजारी बसविल्या. एकीच्या अंगावर पांढरा युरोपीय झगा, दुसरीच्या अंगावर मेक्सिकोतील देशी पोशाख. दोघींची हृदये उघडी, आणि एकच रक्तवाहिनी दोन्ही हृदयांस जोडणारी. दोघींनी एकमेकींचा हात धरला आहे. ब्रेताँने तिला आपल्या पंथात गणले. तिचे म्हणणे मात्र असे की, आपण स्वप्ने रंगवीत नसून आपली स्वतःची हकीकतच रंगवतो. आपल्या कन्येस आम्ही विचारले की, पदराचा नकाशा का केलास? तेव्हा तिने जवळजवळ हेच उत्तर दिले. ती म्हणाली, "काका, माझी मैत्रीण वास्तुविशारद आहे. लग्नानंतर तिचे सगळे नकाशे माळ्यावर गेले."

येथे आम्ही तिसऱ्या आक्षेपाकडे, म्हणजे थट्टेच्या आरोपाकडे वळतो. थट्टा करणारा माणूस दूर उभा राहून बोट दाखवितो. या चित्रात बोट कोणाकडेही दाखविलेले नाही. वराच्या छातीतील कपाट पाहून काही बंधू रागावले. परंतु त्यांनी त्याचे डोळे पाहिले काय? तो मुलगा लोभी दिसत नाही, ओझ्याने वाकलेला दिसतो. प्रत्येक भांड्यावर कोणाचे ना कोणाचे नाव आहे, प्रत्येक नाव म्हणजे एक उपकार, आणि प्रत्येक उपकाराची परतफेड त्याच्या माथी. खालच्या बंद कप्प्यात काय आहे, हे बहुधा त्यासही ठाऊक नसेल. मुलींवरील जाचाविषयी आपण व्यासपीठांवरून पुष्कळ बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण मुलांनाही आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावांचे कपाट करून ठेवतो, हे सांगणारे चित्र आम्ही तरी प्रथमच पाहिले.

परंपरेची अवहेलना झाली असे म्हणणाऱ्यांना आमची एक नम्र विनंती आहे. परंपरा म्हणजे नेमकी कोणत्या सालची, हे त्यांनी सांगावे. मुंबईत राहणाऱ्या रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना लावून देण्यात आले. पुढे त्यांनी नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा पतीने १८८४ साली दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. १८८७ साली दुसऱ्या निकालाने 'नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगवास भोगा' अशी आज्ञा झाली. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, आणि त्या विलायतेस जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या. त्या वेळी त्यांच्याविरुद्ध लिहिणारे लोक परंपरेचेच नाव घेत होते. त्यानंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, १९२९ साली शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा ठरले, आणि १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा व मुलाचे एकवीस झाले. चौदा वर्षांच्या मुलीचे लग्न लावणे ही परंपरा आहे असे आज या सभेतील कोणी म्हणेल काय? म्हणणार नाही. आपल्या पणज्या ज्या वयात बोहल्यावर चढल्या त्या वयात आपल्या नाती शाळेत जातात, आणि तरीही अंतरपाट तोच आहे, अक्षता त्याच आहेत, मंगलाष्टके गाणाऱ्या मावशींचा सूर देखील पुष्कळदा तोच आहे. टिकावयाचे ते टिकले. ज्यांनी बदल केला त्यांनी लग्न मोडले नाही. त्यांनी ते सोसवण्याजोगे केले.

आता मातोश्रींच्या आक्षेपाकडे येतो. राशी सहाच का?

सप्तपदीत तांदळाच्या सात राशी मांडतात आणि वर वधूस एकेका राशीवरून चालवितो, हे आपणां सर्वांस माहीत आहे. प्रत्येक पावलाला एकेक अर्थ आहे, तो मात्र मंगलकार्याच्या गडबडीत आपण ऐकत नाही. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बलासाठी, तिसरे धनवृद्धीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी. सातव्या पावलाला काही मागावयाचे नसते. सातव्या पावलाला वधू सखी होते. आणि कायद्याचे म्हणणेही याहून वेगळे नाही: १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात असे सांगितले आहे की, ज्या विवाहविधीत सप्तपदी आहे तेथे अग्नीसमक्ष सातवे पाऊल टाकले म्हणजे विवाह पूर्ण होतो. म्हणजे सहा पावलांपर्यंत तो विवाह नव्हे. अन्न आहे, बल आहे, धन आहे, सुख आहे, संतती आहे, सर्व ऋतू आहेत, आणि तरी विवाह नाही.

हे ध्यानी घेऊन आम्ही आपल्या मंडळाच्या वधूवर-सूचीचा छापील तक्ता पुढ्यात घेतला. त्यातील रकाने वाचून दाखवितो. मासिक उत्पन्न: ही पहिली रास, अन्न. उंची व प्रकृती: ही दुसरी, बल. स्थावर-जंगम: ही तिसरी, धन. स्वतःचे घर आहे काय: ही चौथी, सुख. पत्रिका व नाडी: ही पाचवी, संतती. जन्मतिथी व जन्मवेळ: ही सहावी. तक्ता येथे संपतो. मध्ये एक 'वर्ण' नावाचा रकाना आहे, त्यात गोरा, निमगोरा, सावळा असे लिहावयाचे असते. त्याची रास सप्तपदीत कोठेही नाही. आणि शेवटी 'अपेक्षा' हा रकाना आहे. त्यात बहुतेक जण 'काही नाही' असे लिहितात, आणि मागाहून 'लग्न मात्र थाटात व्हावे' असा निरोप धाडतात. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. त्या कायद्याची भीती शब्दांना वाटली, व्यवहाराला वाटली नाही.

मित्रहो, चित्रकर्ती मोजावयास चुकलेली नाही. तिने आपल्या तक्त्यातील रकाने मोजले, ते सहा भरले. मातोश्रींनी तिला समोरच विचारले तेव्हा तिने दिलेले उत्तर आम्ही जवळ उभे राहून ऐकले. "आजी, सातवी त्या दोघांनी मांडायची आहे." त्यावर मातोश्री क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी तीही सासूबाईंनीच मांडली होती." त्या हसत हसतच हे बोलल्या. त्या हसण्यामागे किती वर्षे होती ते आम्ही सांगत नाही. ज्यांनी ऐकले त्यांना ते पुरेसे आहे.

आमचे सांगणे एवढेच आहे. रूढी आणि नवे जग यांच्या मध्ये आजची मुलेमुली अडकली आहेत, असे आपण म्हणतो, आणि दोष कधी त्यांच्या शिक्षणास देतो, कधी त्यांच्या हातातील मोबाईलला. चित्र पाहून आम्हांस असे वाटले की ती मुले रूढीला कंटाळलेली नाहीत. मुंडावळ्या त्यांनी काढून फेकल्या नाहीत, शालू टाकला नाही, पाण्यात उभे राहूनही ती दोघे तांदळाच्या राशींकडेच पाहत आहेत. आपल्या परंपरेने जे सर्वांत शेवटी आणि सर्वांत मोठे म्हणून सांगितले, तेच ती मागत आहेत. आपण त्यांना पहिल्या सहा राशी मोठ्या हौसेने मांडून दिल्या. सातवीसाठी जागा सोडली नाही.

म्हणून उद्याच्या सभेपुढे आम्ही चार सूचना ठेवणार आहो. पहिली, वधूवर-सूचीतील 'वर्ण' हा रकाना काढून टाकावा. दुसरी, 'अपेक्षा' या रकान्याऐवजी मुलाने व मुलीने स्वतःच्या हस्ताक्षरात दहा ओळी लिहाव्यात: आपणांस काय आवडते, लग्नानंतर कोणते काम चालू ठेवावयाचे आहे, कशाची भीती वाटते. या ओळी आईवडिलांनी लिहू नयेत, आणि तपासूही नयेत. तिसरी, वधूवर-मेळाव्यात व्यासपीठावर उभे करून नाव, शिक्षण, पगार वदवून घेण्याची जी पद्धत आहे, तिच्या जोडीस इच्छुक मुलामुलींना अर्धा तास निवांत बोलण्याची सोय करावी. त्या अर्ध्या तासात वडीलधाऱ्यांनी चहा घ्यावा. चौथी सूचना आपण ओळखलीच असेल. ते चित्र स्वीकारावे, आणि कार्यालयात अशा जागी लावावे की बोहल्याकडे जाणाऱ्या वऱ्हाडाची दृष्टी त्यावर पडेल.

खर्चाचा प्रश्न कोणी काढील, म्हणून सांगतो: पहिल्या तीन सूचनांना छपाईवाचून खर्च नाही, आणि चौथीला एक खिळा लागतो. विरोध करणाऱ्या बंधूंनी उद्या अवश्य विरोध करावा. मात्र एकदा त्या चित्रापुढे आपल्या मुलीला किंवा सुनेला घेऊन उभे राहावे, ती काय म्हणते ते ऐकावे, आणि मग मत द्यावे. सभेचा जो निर्णय होईल तो आम्हांस शिरोधार्य आहे.

यंदा आपल्या ज्ञातीत ज्यांची शुभकार्ये योजिली आहेत, त्या सर्व चिरंजीवांना आणि सौभाग्यकांक्षिणींना आमचे आशीर्वाद. मंगलाष्टकांच्या शेवटी 'सावधान' हा शब्द उच्चारला जातो आणि आपण अक्षता टाकून मोकळे होतो. तो शब्द वधूवरांसाठी आहे तितकाच भोवती उभ्या असलेल्या आपणां सर्वांसाठी आहे, एवढे स्मरण देऊन आम्ही आपली रजा घेतो.